दावणीतून मोकळी: दहा गायींचा मुक्त संचार गोठा आणि त्यातलं वागणं ओळखायची रीत

गाय उठताना नीट बघा. आधी ती पुढच्या गुडघ्यांवर येते, मान आणि डोकं जोरात पुढे झोकते, त्या झोकाने मागचा भाग वर उचलते, क्षणभर तशीच थांबते आणि मग एकेक पुढचा पाय टाकते. हा झोक घ्यायला नाकापुढे दोन-अडीच फूट मोकळी जागा लागते. आखूड दाव्यावर, समोर गव्हाणीची भिंत असताना ती मिळत नाही. मग काही गायी घोड्यासारख्या पुढचे पाय आधी टाकून उठायला लागतात, काही मागे सरकून मुतारीच्या नालीत पाय घालतात, आणि बऱ्याचशा बसायचंच कमी करतात. दुधाळ गायीला दिवसाचे १२ ते १४ तास बसायला हवेत. बसली की कासेचा रक्तपुरवठा वाढतो, रवंथ नीट होतो, खुरांवरचा भार उतरतो. बसणं कमी झालं की दूध, खूर आणि माज या तिन्ही ठिकाणी त्याची किंमत मोजावी लागते.

मुक्त संचार गोठ्याचा खरा फायदा हा बसण्याचा आहे. शेण काढायची मजुरी वाचते, गायी धुवायचा त्रास कमी होतो, हेही खरंच. पण ते नंतर. आणि हा फायदा आपोआप मिळत नाही. दावणीला प्रत्येक गायीचा घास, पाणी आणि जागा आपण वाटून दिलेली असते. मोकळं सोडल्यावर ती वाटणी गायी आपसात करतात, आणि गायींची वाटणी समान नसते. म्हणून खाली जी मापं दिली आहेत, ती सगळी एकाच प्रश्नावर तपासून घ्या: कळपातल्या सगळ्यात दबलेल्या गायीला हे मिळतंय का?

जागा आणि आखणी

उदाहरण दहा संकरित गायींचं घेतलं आहे. होल्स्टीन संकर, ४०० ते ४५० किलो वजन, दिवसाला १२ ते १८ लिटर दूध, म्हणजे नगर, सोलापूर, पुणे, सातारा, सांगली या पट्ट्यात घरोघरी दिसणारी गाय.

आपल्याकडे शिफारस केली जाते ती प्रौढ गायीमागे छताखाली ३.५ चौरस मीटर आणि उघड्यावर ७ चौरस मीटर, म्हणजे अंदाजे ३८ आणि ७५ चौरस फूट. हे किमान माप आहे. पावसाळ्यात सगळ्या गायी छताखाली येतात तेव्हा ३८ फुटांत त्या उभ्या राहतात, बसत नाहीत. आमच्या मते छताखाली ६० आणि उघड्यावर १५० चौरस फूट धरावेत. दहा गायींसाठी ते असं बसतं: ३० फूट लांब आणि २० फूट रुंद शेड, त्याला लागून ३० बाय ५० फुटांचं अंगण. शेडच्या एका लांब बाजूला गव्हाण.

शेड पूर्व-पश्चिम लांबीत घ्या. दुपारचं ऊन आत शिरत नाही. मधली उंची १४-१५ फूट, कडेची ९-१० फूट ठेवा. बाजूच्या भिंती नकोत. वाऱ्याच्या मारासाठी फार तर पश्चिमेला पावसाळ्यात ताडपत्री सोडायची सोय करा. भिंत बांधली की वारा अडतो, अमोनियाचा वास कोंडतो आणि दगडाच्या फटीत गोचीड घर करतात.

गव्हाणीपासून १० फूट खोलीची पट्टी सिमेंट काँक्रीटची करा. तीत अर्धा इंच खोल खाचा, तीन-चार इंचांच्या अंतराने, ओल्या काँक्रीटवरच ओढून घ्या. गुळगुळीत कोबा केला तर माजावरची गाय एक दिवस घसरणार आणि मागचे पाय फाकून बसणार. अशी गाय पुन्हा उभी राहील याची खात्री नसते. १० फुटांचं कारण असं की खाणारी गाय साधारण सात-आठ फूट जागा घेते. तिच्या मागून दुसरीला जायला वाट राहिली नाही, तर ती दबलेली गाय कोपऱ्यात अडकते. शक्य असेल तर ही पट्टी १२ फूट करा.

शेडची उरलेली १० फूट खोली आणि सगळं अंगण मुरमाचं. काळ्या मातीवर थेट गायी सोडू नका. वरची माती अर्धा-पाऊण फूट काढा, तिथे जाड मुरूम भरून, पाणी मारून, रोलर फिरवून दाबा. उतार अंगणाच्या टोकाकडे, दर ५० फुटांना एक फूट. याहून सपाट ठेवलं तर पाणी साचतं, याहून जास्त केलं तर मुरूम वाहून जातो. शेडच्या पत्र्याला पन्हळ लावून पाणी कुंपणाबाहेर काढणं हे अनेकजण टाळतात, आणि पहिल्याच पावसात नेमकी शेडच्या तोंडाशी चिखलाची पट्टी तयार होते. गायींची सगळ्यात जास्त ये-जा तिथेच असते.

अंगणाच्या मधोमध मुरमाचा एक उंचवटा करा. तीन-साडेतीन फूट उंच, वर आठ-दहा फूट रुंद, दोन्ही बाजूंना पसरट उतार. उघडीप असताना गायी आपणहून त्यावर जाऊन बसतात. वारा लागतो, पाणी निथळतं. इतक्या कमी खर्चात इतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही.

कुंपण साडेचार ते पाच फूट उंच. लोखंडी पाइप परवडत नसेल तर निलगिरीचे खांब आणि बांबू चालतो. काटेरी तार नको. ढुशी खाऊन मागे हटणारी गाय तारेवर जाते आणि सड फाटतो. फाटलेला सड नीट जुळून येणं फार अवघड. काटकोनातले कोपरेही टाळा. कोपऱ्यात एक आडवा पाइप तिरका लावला की अडकायची जागाच राहत नाही. फाटक १० फुटी ठेवा, म्हणजे शेण भरायला छोटा ट्रॅक्टर आत येईल.

गव्हाण आणि पाणी

दर गायीला अडीच फूट गव्हाण हे कमीत कमी. ३० फुटांच्या गव्हाणीत दहा गायींना तीन-तीन फूट येतात, ते उत्तम. गव्हाणीचा तळ गाय उभी असते त्या पातळीपेक्षा चार ते सहा इंच वर ठेवा, म्हणजे गाय चरताना मान खाली घालते तशी घालते. त्या स्थितीत लाळ जास्त सुटते, आणि लाळ हाच पोटातल्या आम्लावरचा उतारा आहे. गायीच्या बाजूची भिंत २० इंचांपेक्षा उंच नको. वर मानेला आडवा पाइप चार फुटांवर, गव्हाणीच्या बाजूला अर्धा फूट पुढे सरकवून लावा. गायींच्या मानेवर वशिंडाच्या पुढे केस गेलेले किंवा गाठ आलेली दिसली तर पाइप खाली आहे, वर घ्या. पाइपला दर तीन फुटांवर एक कडी जोडा. ती कशाला, ते पुढे आंबोणाच्या (पेंड-भरड्याच्या खुराकाच्या) वेळी येईल.

पाण्याचे हौद दोन हवेत, आणि एकमेकांपासून लांब. एकच मोठा हौद बांधला तर म्होरकी गाय त्याच्यापुढे निवांत उभी राहते आणि बाकीच्या वाट बघतात. दूध काढल्यावर आणि चारा खाल्ल्यावर गायी एकदम पाण्यावर येतात. तहानलेली गाय मिनिटाला १० ते २० लिटर ओढते, त्यामुळे अर्ध्या इंची नळाच्या भरवशावर हौद राहत नाही. प्रत्येकी पाच फूट लांब, दीड फूट रुंद, काठ जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर, आणि फ्लोट व्हॉल्व्ह. उन्हाळ्यात एक गाय १०० लिटरच्या वर जाते, म्हणून दहा गायींना दीड ते दोन हजार लिटरची टाकी असू द्या, आणि ती सावलीत. तापलेलं पाणी गाय तोंड लावून सोडते. हौद आतून दर पंधरा दिवसांनी रिकामा करून घासा आणि चुना लावा. शेवाळ धरत नाही, आणि पांढऱ्या तळावर घाण लगेच दिसते.

दावं सोडायचा दिवस

याच दिवशी सगळ्यात जास्त चुका होतात. पाच-सहा वर्षं खुंट्याला राहिलेल्या गायींना पळणं, वळणं, दुसरीला वाट देणं हे नवीन असतं. म्हणून आधी पंधरा दिवस तयारी करा. वाढलेली खुरं तासून घ्या. टोकं वर वळलेल्या खुरांनी गाय मोकळी सुटली तर पहिल्याच आठवड्यात लंगडते. गळ्यातलं दावं सैल पट्ट्यात बदला, लोंबकळता दोर ठेवू नका. दुसरीचा पाय त्यात अडकतो. टोकदार शिंगं असलेल्या गायी असतील तर पशुवैद्यकांकडून टोकं बोथट करून घ्या, आणि शिंगवाल्या व बिनशिंगी एकत्र ठेवायच्या असतील तर ही गोष्ट टाळूच नका. यापुढच्या वासरांची शिंगकळी दोन-तीन आठवड्यांच्या आत, भूल देऊन, जाळून घ्यावी. ते पशुवैद्यकाचं काम आहे.

सोडायला कोरडा दिवस आणि संध्याकाळची वेळ निवडा. गायी पोटभर खाऊन, दूध काढून झालेल्या असाव्यात. भुकेल्या गायी सोडल्या तर पहिलं भांडण गव्हाणीवर होतं. आधी कालवडी आणि भाकड गायी सोडा, दोन तासांनी दुधाळ. दोघंजण काठी घेऊन उभे राहा, पण मध्ये पडू नका. गायी एकमेकींना हुंगतील, डोक्याला डोकं लावतील, ढकलतील. हे व्हायलाच हवं. काठीने सोडवलं तर तेच भांडण रात्री कुणी नसताना होतं. पडलेल्या गायीला दुसरी ढुशी देत असेल तेव्हाच आत जा.

पहिले दोन-तीन दिवस दूध थोडं उतरतं. घाबरू नका. आठवड्याभरात पूर्ववत झालं नाही तर मात्र भांडण मिटलेलं नाही, किंवा एखादीला खायला मिळत नाही. काही गायी पहिले दिवस आपल्या जुन्या जागेवरच, जणू दावं आहे अशा, उभ्या राहतात. त्यांना हाकलू नका. अंगणात हिरवा चारा टाका, त्या आपोआप येतात.

कोण कुणाला वाट देतं

कळपात मानाची उतरंड असते आणि ती एकदा ठरली की मारामारी जवळजवळ थांबते. म्होरकी गाय नुसती मान वळवते, दुसरी बाजूला होते. ही उतरंड वय, वजन, शिंगं आणि कळपातला मुक्काम यावर ठरते. दूध किती देते याचा तिच्याशी संबंध नाही. त्यामुळे तुमची सगळ्यात जास्त दूध देणारी पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यायलेली गाय, नेमकी तळाला असू शकते, आणि तिचंच पोट रिकामं राहू शकतं.

दबलेली गाय ओळखायला तीन दिवस पुरतात. चारा टाकल्यावर ती मागे उभी असते आणि बाकीच्या बसल्यावर एकटी येऊन उरलेले देठ खाते. तिच्या कुशीवर, मांडीवर शिंगांचे ओरखडे असतात. ती ओल्या कडेला किंवा फाटकापाशी उभी असते, कारण चांगल्या जागेवर तिला बसू दिलं जात नाही. डाव्या कुशीचा खळगा, शेवटच्या बरगडीमागचा, संध्याकाळी भरलेला असायला हवा. दबलेलीचा हा खळगा तळहात मावेल इतका खोल दिसतो.

उपाय साधे आहेत. चारा सगळ्या लांबीत एकसारखा टाका, एका टोकाला ढीग नको. टाकल्यावर दोन तासांनी पुन्हा पुढे ओढा. त्या वेळी म्होरक्या बसलेल्या असतात आणि दबलेलीला संधी मिळते. कळप दहाच्या पुढे गेला की पहिलारू वेगळ्या करा, हा एक बदल बाकी सगळ्यांवर भारी आहे. आणि एखादी गाय सतत दुसरीच्या मागे लागत असेल, पंधरा दिवसांनंतरही, तर तिला आठवडाभर वेगळं ठेवून परत आणा. परतताना ती कळपात नवखी असते आणि तिचा रुबाब कमी झालेला असतो.

नवीन विकत आणलेली गाय थेट आत सोडू नका. तीन आठवडे वेगळी ठेवा. ब्रुसेलोसिस (गाभ गाळणारा संसर्ग) आणि क्षयाची तपासणी, गोचीड, थनेला (कासेची सूज), हे सगळं त्या काळात उरकतं. २०२२ साली लंपीची साथ राज्यभर पसरली तेव्हा हे वेगळं ठेवणं किती मोलाचं आहे ते अनेकांना कळलं. आत घेताना एकटी न घेता दोघी घ्या, आणि संध्याकाळी.

आंबोण मात्र बांधूनच

हिरवी-वाळकी कुट्टी आणि मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) मोकळ्याने चालतो. आंबोण चालत नाही. म्होरकी गाय पाच मिनिटांत आपलं संपवून शेजारच्या दोघींचं खाते. तिच्या पोटात आम्ल वाढतं, शेण पातळ होतं, दोन-तीन महिन्यांनी खुरं दुखू लागतात. आणि जिचं खाल्लं गेलं तिचं दूध उतरतं. मालक दोघींनाही वेगवेगळे आजार समजून औषध देत राहतो. म्हणून दूध काढायच्या वेळी गव्हाणीच्या कड्यांना गायी बांधा, दुधानुसार प्रत्येकीचं आंबोण मोजून घाला, दूध काढा, आणि सोडा. चार दिवसांत गायी आपापली जागा धरतात. पशुवैद्यक आले, लस टोचायची झाली, कृत्रिम रेतन करायचं झालं, तरी याच कड्या उपयोगी येतात.

कुट्टी पाऊण ते सव्वा इंच ठेवा. फार बारीक केली तर रवंथ कमी होतो, लांब ठेवली तर गायी पानं वेचून देठ सोडतात. क्षारचाटण विटा दोन टांगा, हौदांप्रमाणेच दोन ठिकाणी.

दूध काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं. तेवढा वेळ गाय बसायला नको. दूध काढून होताच गव्हाणीत ताजा चारा असेल तर ती उभ्याने खाते. सड आयोडीनच्या द्रावणात बुडवणं आणि ताजा चारा, या दोन्ही मिळून थनेला अडतो. मुक्त गोठ्यात गाय कुठे बसेल हे आपल्या हातात नसतं, म्हणून हा अर्धा तास जास्तच महत्त्वाचा.

पान्हा हा तर पूर्ण वागण्याचाच विषय आहे. सड धुवून-पुसून एक-दीड मिनिटात पान्हा येतो आणि पाच-सात मिनिटं टिकतो. त्याआधी कुणी ओरडलं, शेपटी पिळली, काठी मारली की भीतीचं संप्रेरक तो अडवतं आणि दूध कासेत राहतं. गायीला जवळजवळ चारही बाजूंचं दिसतं, फक्त शेपटीच्या सरळ मागचं दिसत नाही. तिकडून गप्प जाल तर लाथ बसेल. तिला पुढे न्यायचं असेल तर खांद्याच्या थोडं मागे, बाजूला उभं राहून एक पाऊल टाका. ती चालू लागली की थांबा. दाब काढून घेणं हेच तिला बक्षीस असतं.

माज

दावणीला गाय हंबरते, अस्वस्थ होते, सोट टाकते, एवढंच दिसतं. आणि मुका माज असेल तर तेही नाही. मोकळ्या कळपात एकच खूण पक्की: दुसरी गाय वर चढली तरी जी जागची हलत नाही, तीच माजावर. चढणारी माजावर असेलच असं नाही. हनुवटी दुसरीच्या पाठीवर ठेवणं, मागून हुंगणं, दोघी-तिघी एकीभोवती फिरणं, ही आधीची लक्षणं. शेपटीच्या मुळाशी केस विस्कटलेले आणि चिखल लागलेला दिसला तर रात्री चढणं झालं आहे.

पहाटे दूध काढण्याआधी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री नऊच्या सुमाराला, चारा टाकायच्या गडबडीत नव्हे तर गायी निवांत असताना, वीस-वीस मिनिटं बघा. पहाटे उभा माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तारीख गोठ्यातल्या फळ्यावर लिहा आणि १८ ते २४ दिवसांनी त्याच गायीकडे पुन्हा लक्ष ठेवा. रेतनानंतर तिला काही तास बांधून ठेवा, नाहीतर बाकीच्या चढून दमवतात. चार-पाच महिन्यांपुढच्या गाभण गायींनाही त्या दिवशी माजावरच्या गायीपासून लांब ठेवा.

पावसाळा, आणि मग उन्हाळा

मुक्त गोठा बंद पडतो तो बहुतेक पावसाळ्यात. मे महिन्यात अंगणातलं साचलेलं शेणखत पूर्ण उचला. उन्हाळ्यात महिना-दोन महिने राहिलं तरी ते वाळून भुगा होतं आणि त्यावर गायी छान बसतात, पण जूनमध्ये तोच थर पाणी धरून चिखल होतो. उचलल्यावर खड्डे मुरमाने भरा, उतार पुन्हा काढा, बाहेरचा चर मोकळा करा. पाऊस लागला की शेडमधलं शेण रोज दोनदा काढा आणि बसायच्या भागावर पाचटाची कुट्टी, भाताचं तूस किंवा सोयाबीनचा भुस्सा टाका, वर चुन्याची हलकी फवारणी. पुरेसं कोरडं आहे का हे कळायला एक सोपी परीक्षा: बसायच्या जागी गुडघा टेकवून दहा सेकंद थांबा. कापड ओलं झालं तर ती जागा गायीसाठीही ओलीच. सलग पावसात अंगणाचं फाटक बंद करून गायी शेडमध्येच ठेवायला कचरू नका. छताखाली ६० फूट त्यासाठीच धरले होते.

उन्हाळ्याचं गणित श्वासावर करा. सावलीत उभ्या गायीची कूस मिनिटभरात किती वेळा वर-खाली होते ते मोजा. ६० च्या वर गेली की तिला उन्हाचा ताण आहे, ८० च्या वर, तोंड उघडं, लाळ गळते, म्हणजे प्रकरण गंभीर. ताणातल्या गायी बसत नाहीत, उभ्या राहून अंग हवेला देतात. म्हणून दुपारी सगळ्या उभ्या दिसल्या तर त्यांना बरं वाटतंय असं समजू नका. अंगणात ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी १२ फुटांवर, आणि ती उत्तर-दक्षिण लांबीत ताणा. शेडच्या उलट का? कारण जाळीची सावली दिवसभर पूर्वेकडे सरकत जाते, गायी तिच्याबरोबर सरकतात आणि मागची ओली जागा उन्हाने वाळते. पत्र्यावर पाचट अंथरा किंवा वरून पांढरा रंग द्या.

फॉगर बसवायची घाई नको. मराठवाड्यात, सोलापुरात कोरड्या हवेत धुकं गारवा देतं. कोकणात दमट हवेत तेच धुकं केसांवर बसून अंगाची वाफ अडवतं. तिथे मोठ्या थेंबांचं पाणी दोन-तीन मिनिटं, कातडी भिजेपर्यंत, आणि मग पंखा दहा-पंधरा मिनिटं. कास आणि बसायची जागा भिजू देऊ नका. चाऱ्याचा मोठा वाटा रात्री आठनंतर आणि पहाटे टाका.

खूर, गोचीड आणि बाकी

वर्षातून दोनदा खूर तासणी. दूध काढून परतायच्या वाटेवर १० फूट लांब, २ फूट रुंद, चार इंच पाण्याचा हौद बांधा. त्यात सुमारे १९० लिटर पाणी मावतं, ५ टक्के द्रावणाला साडेनऊ किलो मोरचूद लागतो. पावसाळ्यात आठवड्यातून दोन दिवस पुरे. त्याआधी खुरांवरचं शेण धुतलं नाही तर मोरचूद शेणातच वाया जातो. वापरलेलं पाणी शेणखड्ड्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. तांबं जमिनीत साठत राहतं, आणि मेंढ्या असतील तर त्यांना ते विषच.

गोचिडांवर गावरान कोंबड्या हा आपल्याकडचा जुना आणि खरा उपाय. दहा गायींत आठ-दहा कोंबड्या सोडा. त्या गोचीड वेचतात, शेणातल्या अळ्या उकरतात आणि शेण पसरून वाळवतात. रात्री मात्र खुराड्यात, नाहीतर गव्हाणीवर बसून चारा घाण करतात. खांबांच्या फटी सिमेंटने बुजवा. अंगावरचं औषध पशुवैद्यकांच्या मापानेच.

खाज भागवायला फिरता ब्रश परवडत नसेल तर खांबाला नारळाच्या काथ्याचे दोन-तीन कडक झाडू आडवे-उभे घट्ट बांधा. तासाभरात गायींची रांग लागते, आणि कुंपण खिळखिळं करायचं त्या सोडतात.

गाभण गाय विण्याच्या तीन आठवडे आधी वेगळ्या कप्प्यात घ्या, १२ चौरस मीटरचा, पण तिथून तिला कळप दिसला पाहिजे. एकदम एकटी पडलेली गाय हंबरत राहते, खात नाही. दूध पाजलेली वासरं एकमेकांची बेंबी, कान चोखतात. हीच खोड पुढे कालवडीत कास चोखण्यावर जाते. पाजल्यावर पंधरा-वीस मिनिटं वेगळी बांधा आणि समोर सुकं खाद्य ठेवा.

रात्री नऊची फेरी चुकवू नका. माजासाठी बघताच आहात, तर त्याच वेळी मोजा: दहापैकी किती बसल्या आहेत, आणि बसलेल्यांपैकी किती रवंथ करताहेत. सात-आठ बसलेल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसल्या तर ठीक. उभ्या असतील त्यांची नावं फळ्यावर लिहा. जिचं नाव तीन रात्री लागोपाठ आलं, तिची खुरं दुसऱ्या दिवशी उजेडात उचलून बघा, आणि ती उभी होती तिथे खाली हात लावून जमीन किती ओली आहे ते तपासा.